साहेब निवृत्त होतात, ओळखी होत नाहीत

सरकारी अधिकारी निवृत्त होतो, काही दिवसांत एखाद्या खासगी कंपनीचा सल्लागार होतो आणि त्या कंपनीच्या फाईलचा पाठपुरावा करायला आपल्याच जुन्या कार्यालयाची पायरी चढतो. हे चालतं का? चालत असेल तर कोणाला आणि किती वर्षांनी? ऐकायला हा दिल्ली-मुंबईचा प्रश्न वाटतो. पण जिथे परवानग्या जास्त तिथे तो जास्त टोचतो, आणि आपल्या किनाऱ्यावर परवानग्यांना तोटा नाही. उरणचं बंदर, लोट्याचे रासायनिक कारखाने, गुहागरची वीज, माडबनचा अणुप्रकल्प, नाणार-बारसूची रिफायनरी, सिंधुदुर्गातल्या खाणी, संपता न संपणारा मुंबई-गोवा महामार्ग. प्रत्येकामागे परवानग्यांची रांग आहे आणि प्रत्येक परवानगीमागे एक खुर्ची. त्या खुर्चीवरचा माणूस राज्य सरकारचा असेल तर साधारण ५८व्या वर्षी, केंद्राचा असेल तर ६०व्या वर्षी उठतो. हातपाय धड असतात, डोकं शाबूत असतं, मोबाईलमध्ये नंबर असतात. पुढे काय?

कंपनीला त्याच्याकडून नेमकं काय हवं असतं, ते आधी बघू.

समजा, दापोलीजवळ कोणाला समुद्रकिनारी रिसॉर्ट काढायचं आहे. जमीन घेतली, आर्किटेक्टने आराखडा काढला. आता सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, हा २०१९च्या अधिसूचनेतला सर्वसाधारण नियम. म्हणजे ती रेषा कुठल्या गट नंबरच्या कुठल्या बांधावरून जाते, यावर सगळं ठरतं. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचा नकाशा, मग प्रस्ताव, मग सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण. शिवाय बिनशेती, ग्रामपंचायत, सांडपाणी, प्रदूषण मंडळाची संमती. प्रस्ताव आत गेला की काही दिवसांनी पत्र येतं: प्रस्तावात खालीलप्रमाणे त्रुटी असून त्यांची पूर्तता करून प्रस्ताव फेरसादर करावा. खाली नऊ त्रुटी.

नवख्या माणसाला नऊही सारख्याच दिसतात. त्या खात्यात तीस वर्षं काढलेल्याला बघताक्षणी कळतं की सात किरकोळ आहेत, एक जुन्या परिपत्रकातून उचललेली आहे आणि खरी अडणारी एकच आहे. तो ती आधी सोडवतो. इथपर्यंत त्याने वावगं काहीच केलेलं नाही. वकील, सीए, आर्किटेक्ट हेच करतात. अनुभव विकून पोट भरणं सचोटीचं असू शकतं.

पुढची पायरी वेगळी. तो फोन लावतो आणि म्हणतो, "अरे, ती दापोलीची फाईल जरा बघ ना." पलीकडे जो आहे, त्याचा गोपनीय अहवाल काही वर्षांपूर्वी याच साहेबांनी लिहिलेला असतो. "हो सर, बघतो," एवढंच उत्तर. नियम मोडला जातोच असं नाही. फक्त ढिगातली फाईल वर येते आणि 'चर्चा करावी' असा शेरा पडला असता तिथे 'मान्यतेस्तव सादर' असं लिहिलं जातं. आतल्या गावात काजूप्रक्रियेची शेड टाकू पाहणाऱ्या एखाद्या बाईची फाईल तेवढीच खाली जाते. ती का खाली गेली, हे तिला कधीच कळत नाही. तिच्याकडे दाद मागायलाही काही नसतं, कारण कागदावर काही घडलेलंच नाही.

यालाच जगभर लॉबिंग म्हणतात आणि आपल्याकडे बोलीत लायझनिंग. त्यात तिसरीही एक चीज विकली जाते: आतली माहिती. महामार्गाची आखणी कुठून जाणार, एमआयडीसीची अधिसूचना कोणत्या गावांवर पडणार, बंदराचा रस्ता खाडीच्या अलीकडून की पलीकडून. ही माहिती सरकारने जाहीर करायच्या सहा महिने आधी ज्याच्या टेबलावर होती, तो निवृत्त झाला म्हणून ती विसरत नाही. कोकणात जमिनीचा भाव या एका गोष्टीवर किती पटीने उड्या मारतो, हे इथल्या वाचकाला सांगायला नको.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा धोका निवृत्तीनंतरचा नाहीच, आधीचा आहे. अधिकाऱ्याची दोन वर्षं उरली आहेत. समोर एका मोठ्या कंपनीचं प्रकरण आहे. कोणी काही देऊ करत नाही, कोणी काही मागत नाही. फक्त दोघांनाही ठाऊक असतं की दोन वर्षांनी कंपनीला सल्लागार लागणार आहे आणि साहेबांना काम. अशा वेळी लेखणी थोडी मऊ पडते. लाचलुचपतवाले सापळा लावायचा तर कुठे लावणार? नोटा नाहीत, पावडर नाही. निवृत्तीनंतर काही काळ खासगी नोकरीला मज्जाव करायचा तो मुख्यतः यासाठी. बक्षीस लांब गेलं की त्याचा मोह कमी होतो, हा त्यामागचा साधा हिशोब.

इथे लाच आणि लॉबिंग यांतली रेषाही बघून घेऊ, कारण गप्पांमध्ये ती हमखास पुसली जाते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८च्या दुरुस्तीनंतर कलम ७-अ आहे. लोकसेवकाने आपलं काम गैररीतीने करावं म्हणून भ्रष्ट मार्गाने किंवा वैयक्तिक वजन वापरून त्याला वळवण्याच्या बदल्यात कोणी पैसे घेतले, तर तीन ते सात वर्षांची शिक्षा. म्हणजे वजन विकणं हा गुन्हा होऊ शकतो. पण सिद्ध करायचं काय? काम गैररीतीने करून घ्यायचं होतं, हे. "फाईल जरा बघ" यात ते कुठे आलं? म्हणून या कायद्याच्या हद्दीच्या जरा अलीकडे भलीमोठी मोकळी जागा उरते.

ती जागा भरण्यासाठी आपल्याकडे जे काही आहे, ते पेन्शनच्या नियमांत आहे. स्वतंत्र कायदा नाही. आयएएस, आयपीएस वगैरे अखिल भारतीय सेवांसाठी १९५८चे निवृत्तिलाभ नियम आणि केंद्राच्या बाकी गट 'अ' अधिकाऱ्यांसाठी केंद्रीय पेन्शन नियम. दोन्हींचं सार एकच: निवृत्तीनंतर एक वर्ष खासगी व्यावसायिक नोकरी धरायची असेल तर सरकारची आधी परवानगी घ्या. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. २००७ मध्ये ती निम्म्यावर आली.

नीट वाचलं तर ही बंदी नाही, परवानगीची अट आहे. अर्ज आला की सरकार बघतं: शेवटच्या तीन वर्षांत या माणसाकडे त्या कंपनीच्या कामाशी थेट संबंध असलेली संवेदनशील माहिती होती का, हितसंबंधांचा संघर्ष होतो का, सेवा निष्कलंक आहे का, देऊ केलेला पगार बाजाराला धरून आहे का. निकष वाईट नाहीत. पगाराचा निकष तर मला आवडतो. कामाच्या मानाने पैसे भलतेच जास्त असतील तर ते कशाचे, हा प्रश्न कोणालाही पडावा. मात्र केंद्राच्या पेन्शन नियमांत एक गंमत आहे. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत सरकारने नकार कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं समजायचं. आपण साध्या दाखल्यासाठी हेलपाटे घालतो तेव्हा सरकारच्या मौनाचा असा अर्थ कोणी लावून देत नाही.

'व्यावसायिक नोकरी'ची व्याख्या मात्र बरीच विचारपूर्वक केलेली आहे. कंपनी, भागीदारी संस्था, सहकारी संस्था, संचालकपद, एजंट, सगळं त्यात येतं. स्वतःचं सल्लागार कार्यालय थाटलं आणि त्या कामात सरकारी कार्यालयांशी किंवा अधिकाऱ्यांशी संपर्क ठेवावा लागत असेल, तर तेही येतं. म्हणजे नियम लिहिणाऱ्याला लायझनिंग पक्कं माहीत होतं. सहकारी संस्थेचं तर निवडून आलेलं अध्यक्षपदसुद्धा या व्याख्येत बसतं. त्यामुळे केंद्रातून गट 'अ' पदावरून निवृत्त होऊन देवगडला परतलेले एखादे गृहस्थ पहिल्याच वर्षी आंबा उत्पादकांच्या व्यापारी सहकारी संस्थेचे अध्यक्ष झाले, तर कागदोपत्री त्यांनाही परवानगी लागेल.

एवढी बारीक चाळण लावून मग मोठी भोकं कुठे राहिली?

पहिलं, हा नियम पेन्शनधारकाला आहे आणि शिक्षाही पेन्शनचीच आहे. परवानगी न घेता नोकरी धरली तर सरकार पेन्शन पूर्ण किंवा अंशतः थांबवू शकतं. एवढंच. ज्याला कंपनी महिन्याला पेन्शनच्या कित्येक पट देते, त्याने हा दंड खर्चात धरायचा. आणि राजीनामा देऊन, पेन्शनवर पाणी सोडून जो बाहेर पडला, त्याच्यापुढे हा नियम हात टेकतो.

दुसरं, मंत्री, आमदार, खासदार यांना अशी कोणतीच मुदत नाही. प्रकल्पाला मान्यता देणाऱ्या बैठकीचे अध्यक्ष मंत्री असतात, सचिव टिपणी ठेवतात. सचिवाला वर्षभर थांबायचं आणि मंत्र्याला दुसऱ्या दिवशी मोकळीक, यामागे काय तर्क आहे हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

तिसरं भोक खास कोकणी आहे. सरकारच्या पूर्ण किंवा बऱ्याच मालकीची कंपनी या व्याख्येतून वगळली आहे. जैतापूरचा प्रकल्प राबवणारं अणुऊर्जा महामंडळ सरकारी. रिफायनरीची कंपनी २०१७ मध्ये स्थापन झाली ती इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तीन सरकारी तेल कंपन्यांनी मिळून. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात ज्या दोन प्रकल्पांवरून सर्वांत जास्त रान पेटलं, तिथे उद्या कोणी भूसंपादन हाताळलेला अधिकारी निवृत्त होऊन गेला, तर हा नियम त्याला विचारणारही नाही. कोणी गेला असं मी म्हणत नाही. नियम काय पाहतो ते सांगतोय. तो कंपनीचा मालक कोण ते पाहतो. गावकऱ्याचा प्रश्न वेगळाच असतो: काल माझी हरकत ज्यांनी ऐकून घेतली, ते आज समोरच्या बाजूला कसे?

याहून चांगले नियम लिहिता येतात आणि ते आपल्याकडेच लिहिलेले आहेत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम ११६ बघा. करखात्यातून निवृत्त झालेला अधिकारी व्यापाऱ्याच्या वतीने उभा राहू शकतो, पण निवृत्तीनंतर किंवा राजीनाम्यानंतर एक वर्ष नाही. राजीनाम्याची पळवाट दोन शब्दांत बंद. शिवाय इथे गट 'ब' राजपत्रित दर्जाचे अधिकारीही येतात आणि सरळ उभं राहण्यालाच मनाई आहे. परवानगी मागण्याचा प्रश्नच नाही.

घरं आणि प्लॉटच्या प्रकल्पांवर नियमन प्राधिकरण नेमणारा रेरा कायदा त्याच्याही पुढे जातो. प्राधिकरणाचा अध्यक्ष किंवा सदस्य पायउतार झाल्यावर या कायद्याखालच्या कामाशी संबंध असलेल्या संस्थेच्या व्यवस्थापनात नोकरी धरू शकत नाही. ज्या विशिष्ट प्रकरणात त्याने प्राधिकरणासाठी काम केलं किंवा सल्ला दिला, त्यात दुसऱ्या कोणाच्या वतीने कधीच उभा राहू शकत नाही. अलिबागपासून दापोलीपर्यंत प्लॉटिंगच्या जाहिराती लागतात, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं आहे. संविधानानेही काही खुर्च्यांना अशी कुंपणं घातली आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा माजी न्यायाधीश देशातल्या कुठल्याच न्यायालयात वकिली करू शकत नाही. महालेखापरीक्षकाला पुढे केंद्राचं किंवा राज्याचं पद घेता येत नाही.

मात्र कुंपण कायद्यात असलं की ते कायद्यानेच हलवताही येतं. दूरसंचार नियामकाच्या, म्हणजे ट्रायच्या, माजी अध्यक्षांना पुढे सरकारी पद घेण्यास मनाई होती. २०१४ मध्ये नृपेंद्र मिश्रा यांना पंतप्रधानांचे प्रधान सचिव नेमायचं होतं आणि ते ट्रायचे माजी अध्यक्ष होते. सरकारने वटहुकूम काढून ती अट बदलली.

रेराचा तो प्रकरणाला बांधलेला मज्जाव अमेरिकेतही आहे आणि मला तो वर्षं मोजण्यापेक्षा जास्त शहाणपणाचा वाटतो. तिथे ज्या विशिष्ट प्रकरणात अधिकाऱ्याने स्वतः महत्त्वाचा भाग घेतला, त्या प्रकरणात सरकारपुढे दुसऱ्याची बाजू मांडायला आयुष्यभर बंदी. वरिष्ठ अधिकाऱ्यांना आपल्या जुन्या खात्यात कोणाच्याही वतीने रदबदली करायला एक वर्ष, अतिवरिष्ठांना दोन वर्षं बंदी. लोकप्रतिनिधीही सुटत नाहीत: सिनेटरला दोन वर्षं, प्रतिनिधीगृहाच्या सदस्याला एक. कॅनडात मंत्री आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना लॉबिंगसाठी पाच वर्षं थांबावं लागतं. फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८ मध्ये राज्यघटनाच दुरुस्त करून ही मुदत सहा वर्षांची केली. या देशांत सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. तिथेही स्वतः फोन करायचा नाही, फोन कोणी कसा करावा हे मागे बसून शिकवायचं, अशी युक्ती चालते. पण तिथे एक गोष्ट आहे जी आपल्याकडे नाही: वही, म्हणजे कोणी कशासाठी किती लॉबिंग केलं याची जाहीर नोंद.

ती वही किती कामाची असते, ते गुहागरने पाहिलं आहे. १९९५ मध्ये अमेरिकी संसदेच्या एका समितीपुढे, दाभोळचा वीजप्रकल्प उभारणाऱ्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी साक्ष दिली. दाभोळ प्रकल्प भारतीयांना समजावून सांगण्यावर आणि त्याच्या पूर्वतयारीवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले, असं त्यांनी सांगितलं. ते ऐकून इथे गदारोळ झाला. त्यात लाच होती असं पुढे सिद्ध झालं नाही, आणि मला तो मुद्दा काढायचाही नाही. मुद्दा एवढाच की वेलदूर-अंजनवेलच्या माणसाला आपल्या दारातल्या प्रकल्पासाठी किती पैसा कुठल्या प्रकारे फिरला, हे वॉशिंग्टनमधल्या साक्षीतून कळलं. २०१२ मध्ये तसंच झालं. वॉलमार्टने २००८पासून सुमारे २.५ कोटी डॉलर लॉबिंगवर खर्च केले आणि त्या विषयांत भारतीय बाजारात शिरकाव हाही एक होता. हे कळलं ते कंपनीला अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे दर तिमाहीला भराव्या लागणाऱ्या कागदांतून. आपल्या संसदेत गोंधळ झाला, न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची समिती नेमली गेली. लॉबिंगची माहिती उघड करायला लावणारं एक खासगी विधेयक खासदार कालिकेश सिंहदेव यांनी २०१३ मध्ये लोकसभेत आणलं. त्याचा कायदा झाला नाही.

आणि वही नसेल तर बंदीही पोकळ राहते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ती पाळली जाते का, हे हर्णे किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावर उभं राहून कोणालाही दिसतं: होडीला नंबर आहे, ती शाकारलेली आहे की समुद्रात आहे. बंदी मोडणाराही दिसतो. निवृत्त साहेबांची एक वर्षाची बंदी मोडली गेली हे कोणाला, कशावरून दिसणार? नेमणूकपत्र कदाचित सापडेल. फोन सापडणार नाही, मंत्रालयातला चहा सापडणार नाही, मुलाच्या नावावर काढलेली सल्लागार संस्था सापडणार नाही. म्हणून मुदत एकाची दोन किंवा पाच वर्षं करा, या मागणीत मला फारसा दम वाटत नाही. त्याआधी साधी गोष्ट व्हावी: कुठल्याही प्रकल्पाबाबत कंपनीच्या वतीने कोण, कोणत्या अधिकाऱ्याला, कधी आणि कशासाठी भेटलं, याची नोंद त्या फाईललाच लागावी आणि ती माहिती अधिकाराचा अर्ज न करता दिसावी. भेटू नका असं कोणी म्हणत नाही. भेटा आणि लिहा.

यावर एक आक्षेप असतो आणि तो खरा आहे. निवृत्तांना असं बांधून ठेवलं तर त्यांचं ज्ञान वाया जातं. शिवाय कोणताही कायदेशीर व्यवसाय करणं हा मूलभूत हक्क आहे. त्यावर बंधन घालायचं तर ते वाजवी असावं लागतं. निवृत्त मत्स्य अधिकारी मच्छीमार सोसायटीला डिझेल परताव्याचे कागद लावून देत असतील, निवृत्त भूमापक वाडीतल्या लोकांना मोजणीचा नकाशा समजावत असतील, तर त्यांना कशाला अडवायचं? एन्रॉन कराराची २००१ मध्ये चिरफाड करणाऱ्या समितीचे अध्यक्ष कोण होते? माधव गोडबोले, माजी केंद्रीय गृहसचिव. सरकार आतून कसं चालतं हे माहीत नसलेल्या माणसाकडून ते काम झालं नसतं. तेव्हा निवृत्ताने काम करूच नये असा नियम मूर्खपणाचा ठरेल. आपण ज्या प्रकरणावर सही केली त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूने येऊ नये, आणि इतर ठिकाणी आलो तर नोंद करून यावं, एवढ्याने बरंच काम भागेल.

तोपर्यंत हातात काय आहे? थोडंसं आहे. २००६च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार प्रकल्पाच्या अहवालात शेवटाकडे सल्लागारांविषयीचं प्रकरण असावं लागतं: कोणते सल्लागार नेमले, त्यांचा थोडक्यात परिचय, त्यांनी कोणतं काम केलं. जनसुनावणीची किमान ३० दिवस आधी नोटीस निघते आणि अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी बघायला ठेवतात. मराठीतला सारांश बारीक असतो, त्यात हे प्रकरण सापडेलच असं नाही. मूळ जाडजूड इंग्रजी अहवालच उघडावा लागतो. एखाद्या परिचयात 'शासकीय सेवेचा प्रदीर्घ अनुभव' असं दिसलं, तर कोणत्या खात्यात, कोणत्या पदावर, कोणत्या वर्षापर्यंत, हे सुनावणीत विचारता येतं, आणि विचारलेला प्रश्न इतिवृत्तात घ्यायला लावता येतो. निवृत्तीनंतर परवानगी घेतली होती का, यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. अर्थात अहवालातल्या त्या प्रकरणात फक्त अभ्यास अहवालाचे सल्लागार येतात. फाईल हलवण्यासाठी नेमलेल्याचं नाव अहवालात घालायला कंपनीला कोणी सांगितलेलं नाही.